अध्यक्षांच्या नावाने येणारे बनावट मेल

संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाने सभासदांना बनावट मेल पाठवून फसवलं जातं. शुद्धलेखनाच्या चुका पाहून असे मेल ओळखा, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. त्यावर आता विसंबू नका. हल्ली हे मेल अगदी नीटस भाषेत येतात. मोबाइलवर बहुतेकदा फक्त नाव दिसतं, म्हणून नावावर टॅप करून पूर्ण पत्ता बघा.

संस्थेच्या डोमेनला (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरोखर त्याच डोमेनवरून आलाय का हे पाहणाऱ्या तपासण्या, जरूर लावा. पण कुणी अध्यक्षांच्या नावाने जीमेलवर नवं खातं उघडलं, तर त्याचा मेल या तिन्ही तपासण्या पार करतो, कारण तो खरोखरच जीमेलवरून आलेला असतो! हे बऱ्याच समित्यांच्या लक्षात येत नाही.

पहिला मेल साधाच असतो : "मोकळे आहात का? मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका." उत्तर दिलं की गिफ्ट कार्ड आणायला सांगतात. फोन नको म्हटलंय ना, मग फोनच करा, आणि तोही तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. खजिनदारांनी तर बदललेला खाते क्रमांक निव्वळ मेलवरून कधीच स्वीकारू नये. आणि कृपा करून, फसलेल्या सभासदाला बोल लावू नका. तो गप्प बसला तर बाकीच्यांना सावध कोण करणार?