मदत हवी आहे: गाडी जमतेय, घोडं लेखी परीक्षेत अडलंय

मंडळी, क्लच जमला, चढावर गाडी उचलणंही जमलं. पण लेखी परीक्षेच्या सराव चाचणीत दर वेळी दोन-तीन गुणांनी हुकतेय.

चिन्हं बऱ्यापैकी झालीत. लाल काठाचा त्रिकोण सावध करतो, लाल काठाचं वर्तुळ मनाई सांगतं, निळं वर्तुळ म्हणजे हे करायलाच हवं. 'थांबा'ची पाटी अष्टकोनी असते, म्हणजे मागून दिसली तरी ओळखता येते. असं कारण कळलं की डोक्यात पक्कं बसतं. नुसतं घोकलं की दुसऱ्या दिवशी पाटी कोरी!

खरी अडचण थांबण्याच्या अंतराची. वेग दुप्पट झाला की ब्रेकवर पाय पडेपर्यंतचं अंतर दुप्पट होतं, पण ब्रेक लागल्यानंतरचं चौपट, हे समजलंय. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, हेही मांडून पाहिलं. तरी पर्यायांत चार आकडे दिसले, त्यात रस्ता ओला असला, की सगळं कोलमडतं.

शिवाय ते चौकाचं चित्र: सिग्नल नाही, तिन्ही बाजूंनी गाड्या, आधी कोण जाणार? घाईत मी 'मीच' निवडते. (स्वभावाला औषध नाही.)

नुकतीच परीक्षा दिलेल्यांनी सांगा ना, आकडे कसे लक्षात ठेवलेत? आणि आधी पुस्तक पूर्ण वाचू, की थेट प्रश्नसंच सोडवून चुकलेलंच वाचू? हातात अकरा दिवस आहेत.