मा हुआंग: दोष वनस्पतीचा की वापराचा?

काढेकरी (धागाकर्ता):

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १२ एप्रिल २००४ पासून इफेड्रायुक्त, म्हणजे मा हुआंग असलेल्या, पूरक आहाराच्या विक्रीवर बंदी आणली. तेव्हापासून मा हुआंगचे नाव निघाले की ‘ती बंदी आलेली घातक चिनी वनस्पती’ एवढेच ऐकू येते. बंदी योग्य होती असे माझेही मत आहे. परंतु ज्या वस्तूवर ती आली, त्या वस्तूचा चिनी वैद्यकाशी संबंध केवळ नावापुरता होता.

मा हुआंग म्हणजे इफेड्रा सिनिका आणि तिच्या दोन जवळच्या जातींच्या वाळवलेल्या हिरव्या काड्या. इसवी सन २०० च्या सुमारास चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांनी ‘शांगहान लुन’ या ग्रंथात जो मा हुआंग काढा सांगितला, त्यात या काड्यांबरोबर दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या, जर्दाळूच्या बियांतला गर आणि ज्येष्ठमध असते. थंडी वाजते आहे, अंग ठणकते आहे, दम लागतो आहे आणि घाम मात्र मुळीच येत नाही, अशा रुग्णासाठी तो आहे. काड्या आधी एकट्या उकळून वरचा फेस काढून टाकायचा, कारण त्या फेसाने माणूस अस्वस्थ होतो, असे पुढे ताओ होंगजिंग या चिनी ग्रंथकारांनी नोंदवले आहे. काढा घेऊन पांघरूण घ्यायचे आणि हलका घाम आला की उरलेला काढा घ्यायचा नाही. ज्याचा घसा कोरडा आहे, ज्याच्या नाकातून रक्त येते, ज्याला रक्तस्राव झाला आहे किंवा ज्याला आधीच घाम येतो, अशाला तो देऊच नये, असे तोच ग्रंथ बजावतो. मा हुआंगचे प्रमाण दुप्पट असलेल्या एका काढ्याखाली तर अशी ताकीद आहे की घाम आल्यावरही औषध चालू ठेवले, तर रुग्णाला वारा सोसवत नाही, तो तळमळतो आणि त्याला झोप लागत नाही. उत्तेजकाच्या अतिसेवनाचे हे वर्णन जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये या काड्यांतले उत्तेजक द्रव्य, इफेड्रिन, वेगळे करण्याच्या सुमारे सतराशे वर्षे आधीचे आहे.

आता अमेरिकेत बंदीपूर्वी विकली जाणारी कॅप्सूल पाहा. ती सर्दीसाठी नव्हती, वजन उतरवण्यासाठी आणि ‘ताकदी’साठी होती. तिच्यात बहुधा ग्वाराना किंवा कोला बियांतले कॅफीन घातलेले असे आणि ती निरोगी माणसे महिनोन्‌महिने घेत. एवढे करून पदरात काय पडले, तर अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेच्या २००३ च्या आढाव्यानुसार औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा महिन्याला सुमारे ०.९ किलो अधिक घट. म्हणून मी असे म्हणतो की दोष वनस्पतीचा नाही, वापराचा आहे.

दुसरा ठोका:

मी हृदयरोगाच्या रुग्णांवर उपचार करतो, त्यामुळे माझा कल कोणीकडे असेल हे वेगळे सांगायला नको. आपली मांडणी वाचनीय आहे, पण तिच्याआड एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की परंपरेतली मात्रा सौम्य होती. थोडा हिशेब करू. चिनी औषधकोशात मा हुआंगची मात्रा दिवसाला २ ते १० ग्रॅम दिली आहे आणि काड्यांमध्ये इफेड्रिन व त्याचे भावंड असलेले स्यूडोइफेड्रिन मिळून किमान ०.८ टक्के असावे अशी अट आहे. ९ ग्रॅम घेतले तर ७२ मिलिग्रॅम होतात. सगळे पाण्यात उतरत नाही, हे मान्य. पण अमेरिकी प्रशासनाने १९९७ मध्ये पूरक आहारासाठी जी मर्यादा सुचवली होती, ती दिवसाला २४ मिलिग्रॅमच्या आत आणि सलग सात दिवसांहून अधिक नाही, अशी होती. म्हणजे आपला काढा त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो आणि ज्या कॅप्सूलला आपण नावे ठेवता, तिच्या जवळपास येतो.

दुसरा मुद्दा रुग्णाच्या निवडीचा. बॉल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा तेवीस वर्षांचा खेळाडू स्टीव्ह बेक्लर फेब्रुवारी २००३ मध्ये फ्लोरिडातील सरावात उष्माघाताने गेला आणि त्याला इफेड्राचाही हातभार लागल्याचे शवचिकित्सकाने सांगितले. त्याला उच्च रक्तदाबाचा पूर्वेतिहास होता. ‘शांगहान लुन’च्या निषेधांच्या यादीत रक्तदाब नाही, काचबिंदू नाही, थायरॉइडचा अतिरेक नाही आणि नैराश्यावरील एमएओ-रोधक गोळ्या तर असणे शक्यच नव्हते, त्या गोळ्यांसोबत इफेड्रिन गेले तर रक्तदाब धोकादायक पातळीवर उसळतो. नाडी ‘तरंगती आणि ताणलेली’ आहे हे बोटांना कळत असेल, पण रक्तदाब १७० आहे हे यंत्रच सांगते.

काढेकरी:

मात्रेचा आपला हिशेब बरोबर आहे आणि परंपरेचे पुष्कळ समर्थक तो टाळतात, हेही मी कबूल करतो. काढा सौम्य नाही; चिनी वैद्यही त्याला सौम्य म्हणत नाहीत. फरक आहे तो थांबण्यात. काढा घेणाऱ्याला घामाची खूण आहे, ती दिसली की औषध संपते, आणि बहुतेकदा ते एक-दोन दिवसांत घडते. वजन उतरवणाऱ्याला अशी कोणतीच खूण नसते. त्याला हवे असलेले वजन पुढच्या महिन्यात असते, म्हणून बाटली संपली की तो दुसरी आणतो.

तोक्योतला कोल्हापूरकर:

मी जपानमध्ये राहतो, म्हणून इथले थोडे सांगतो. मा हुआंग काढ्याला इथे माओतो म्हणतात. कारखान्यात तयार केलेल्या कणांच्या रूपात तो मिळतो, एमबीबीएससारखी पदवी असलेले डॉक्टर तो इन्फ्लुएन्झासाठी लिहून देतात आणि आरोग्य विम्यातून त्याचा खर्च निघतो. प्रत्येक पुडीतले प्रमाण ठरलेले असते आणि सोबतच्या पत्रकात हृदयविकार, रक्तदाब, थायरॉइड व लघवी अडण्याच्या त्रासाविषयी इशारा असतो. म्हणजे जुना काढा आणि रक्तदाबाचे यंत्र एकाच खोलीत नांदू शकतात, डॉक्टरसाहेब.

दुसरा ठोका:

नांदू शकतात, याला माझी हरकत नाही. मात्र त्याच जपानमध्ये मा हुआंग असलेला काक्कोन्तो हा सर्दीवरचा काढा औषधाच्या दुकानात कोणालाही चिठ्ठीशिवाय मिळतो, हेही सांगायला हवे होते. स्पर्धेच्या काळात लघवीत मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इफेड्रिन आढळले की खेळाडू उत्तेजक घेतल्याबद्दल दोषी ठरतो. सर्दीसाठी सहज घेतलेली पुडी त्याला महागात पडू शकते. शिवाय आपण सांगितले त्यात रक्षण होते ते प्रमाणित मात्रेमुळे, पत्रकामुळे आणि पदवीधर डॉक्टरमुळे. या तिन्ही गोष्टी आधुनिक आहेत. मग श्रेय परंपरेला का द्यावे?

जर्सीकर औषधविक्रेता:

आपण दोघेही बंदीच्या मजकुराकडे पाहत नाही, असे मला वाटते. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने पूरक आहार विकण्यापूर्वी तो निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलीच नाही; तो घातक आहे हे सरकारने सिद्ध करायचे. म्हणून बंदीला दहा वर्षे लागली, आणि त्यानंतरही एका उत्पादकाने १० मिलिग्रॅमच्या आतली मात्रा निर्धोक असल्याचा दावा करत २००५ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील न्यायालयात निकाल मिळवला, जो वरच्या न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला. पारंपरिक आशियाई वैद्यकातील वापर या नियमातून वगळलेला आहे, हे काढेकरी यांना प्रमाणपत्रासारखे वाटण्याची शक्यता आहे. ते प्रमाणपत्र नाही. नियम पूरक आहाराविषयी होता, काढ्याची परीक्षा त्यात कोणी घेतलीच नव्हती.

जाता जाता एक सांगतो. बंदीनंतर आमच्या फळीवर ‘इफेड्रामुक्त’ अशी ठळक अक्षरे मिरवणाऱ्या बाटल्या आल्या आणि त्यांत कडू संत्र्यातले सिनेफ्रिन होते, तेही हृदयाला चाबूक मारणारेच. गिऱ्हाइके तीच होती.

काढेकरी:

जर्सीकर यांची दुरुस्ती मान्य आहे. श्रेयाविषयी मात्र डॉक्टरांशी माझा मतभेद कायम आहे, कारण ‘हे औषध कोणाला द्यायचे नाही आणि केव्हा थांबवायचे’ हे दोन प्रश्न काढ्यासोबतच लिहिलेले होते. त्यांची उत्तरे आता वाढली आहेत, एवढेच. त्याच झाडाचे मूळ घाम थांबवण्यासाठी वापरतात आणि काड्या घाम आणण्यासाठी, इतका भेद जी परंपरा करते, तिला बेफिकीर म्हणता येणार नाही.

दुसरा ठोका:

परंपरा बेफिकीर नव्हती, गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे लाहौल-लडाखच्या बाजूला वाढणाऱ्या इफेड्रा जेरार्डियानाचे चूर्ण सोमलता किंवा सोमकल्प या नावाने दम्यासाठी विकले जाते. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांनी असे चूर्ण घरपोच मागवले होते. रक्तदाबाची गोळी चालू होती, प्रोस्टेटचा त्रास होता आणि पुडीवर ‘एक चमचा दोन वेळा’ एवढेच छापलेले होते. यात आपला वैद्य कुठे आहे?

काढेकरी:

कुठेच नाही. त्या चूर्णाला मी कॅप्सूलच्याच रांगेत बसवीन, मग पुडीवरचे नाव कितीही जुने असो. मात्र आजोबांना चूर्ण बंद करा एवढेच सांगू नका. दम्यासाठी त्याऐवजी काय घ्यायचे तेही लिहून द्या, नाहीतर ते दुसरी पुडी मागवतील.

दुसरा ठोका:

इनहेलर लिहून दिला आहे. पुडी मी ठेवून घेतली.