मदत हवी आहे: एसटीके-२ (कंपनी बंद करण्याचा अर्ज) भरण्याआधी संचालकांचं कर्ज कसं मिटवायचं?

पुण्यातली दोन संचालकांची प्रायव्हेट लिमिटेड स्टार्टअप, धंदा बंद. कंपनी कायद्याच्या कलम २४८ खाली नोंदणीतून नाव काढायचंय. एओसी-४ (वार्षिक हिशेब), एमजीटी-७ए (वार्षिक विवरणपत्र) भरून झाले (उशिराचे रोज १०० रुपये, तेही प्रत्येक फॉर्ममागे!), जीएसटी रद्द, जीएसटीआर-१० (शेवटचं जीएसटी रिटर्न) गेला, बँक खातंही बंद. अडलंय एकाच ठिकाणी: ताळेबंदात संचालकांनी कंपनीला दिलेलं ४ लाखांचं बिनतारणी कर्ज दिसतंय आणि एसटीके-८ मध्ये (अर्जासोबतचं मालमत्ता-देण्यांचं विवरण) देणी शून्य हवीत. शेअर्समध्ये वळवावं तर पीएएस-३ (शेअर-वाटपाचा फॉर्म) आला. संचालकांकडून कर्जाचं माफीपत्र घेऊन राइट-बॅक केलं (देणं काढून उत्पन्नात दाखवलं) तर आयकर लागेल का? एसटीके-८ तीस दिवसांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणून सीएची सही घेण्याआधीच विचारतोय. सी-पेसने (हे अर्ज तपासणारं सरकारी केंद्र) कोणाचा अर्ज याच मुद्द्यावर परत पाठवलाय का?