मदत हवी आहे: डेअरडेव्हिलचा तिसरा सीझन बघायचाय, आधी नेमकं काय काय बघू?

कोपऱ्यातला प्रेक्षक

मंडळी, डेअरडेव्हिल या मार्व्हलच्या सुपरहिरो मालिकेचा पहिला सीझन पूर्ण बघितलाय, पण तो २०१५ साली आला तेव्हा. दुसरा चौथ्या भागापर्यंत बघून सोडला. आता थेट तिसरा (२०१८ चा) बघायचाय, कारण सगळे तोच सर्वात चांगला म्हणतात.

हातात १४ दिवस आहेत, रोज दीड तास. म्हणजे २१ तास. एका यादीत त्याच विश्वातल्या मालिका, म्हणजे जेसिका जोन्स, ल्यूक केज, आयर्न फिस्ट, डिफेंडर्स, पनिशर सगळं क्रमाने बघायला सांगितलंय, ते या जन्मात होणे नाही.

प्रश्न असे:
१. कमीत कमी कोणते भाग बघितले की तिसरा सीझन नीट कळेल?
२. ती प्रसिद्ध तुरुंगातली सलग मारामारी कितव्या भागात आहे? आधी तेवढीच बघितली तर?
३. आमच्या टीव्हीवर ही मालिका अर्धा वेळ काळीकुट्ट दिसते. इलाज?

पहिल्या दोन सीझनचं आणि डिफेंडर्सचं काहीही फोडलंत तरी चालेल. तिसऱ्याचं कृपया नको.

---

रात्रपाळी

ती लांबलचक यादी फाडून टाका. जेसिका जोन्स, ल्यूक केज आणि पनिशर या मालिका आपापल्या जागी ठीक (जेसिकाचा पहिला सीझन तर उत्तमच), पण डेअरडेव्हिलच्या तिसऱ्या सीझनला त्यांची गरज शून्य. आयर्न फिस्टची कशालाच नाही.

गरज आहे ती खलनायक फिस्कच्या धाग्याची. तिसरा सीझन फिस्क, मॅट (अंध वकील, हाच डेअरडेव्हिल) आणि त्याची सहकारी कॅरन या तिघांच्या जुन्या हिशेबावर उभा आहे आणि तो हिशेब पहिल्या सीझनमध्ये मांडलाय. तुम्ही बघितलाय, पण इतक्या वर्षांनी तपशील निसटलेले असणार. म्हणून हे परत बघा:

पहिला सीझन: ३, ८, १०, ११, १२, १३.
दुसरा सीझन: ९, १०, १३.
डिफेंडर्स: ७ आणि ८.

पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात फिस्क आणि त्याची प्रेयसी व्हनेसा त्या पांढऱ्या चित्रासमोर भेटतात. चित्र नुसतं शोभेचं नाही, तिसऱ्या सीझनमध्ये त्याला स्वतःचं कथानक आहे. आठव्यात फिस्कचं लहानपण, बाप, हातोडी. तो त्या पांढऱ्या रंगाकडे का बघत बसतो ते इथे कळतं.

१०, ११, १२ हे तीन मात्र सलग बघा, मध्ये दिवस सोडू नका. दहाव्याच्या शेवटी कॅरन आणि पत्रकार बेन युरिक फिस्कच्या आईपर्यंत पोहोचतात. त्यामुळे अकराव्यात फिस्कचा उजवा हात वेस्ली कॅरनला उचलतो आणि कॅरन त्याला गोळ्या घालते. बाराव्यात त्याच भेटीपायी फिस्क युरिकला मारतो. कॅरनने वेस्लीला मारलं हे फिस्कला माहीत नाही, मॅटलाही नाही. हे डोक्यात पक्कं असेल तरच तिसऱ्या सीझनमधल्या कॅरनच्या प्रसंगांना धार येते. नाहीतर ही बाई एवढी अस्वस्थ का, असंच वाटत राहील.

दुसऱ्याच्या नवव्यात फिस्क तुरुंगात बसून तुरुंगच ताब्यात घेतो. दहाव्यात मॅट त्याला भेटायला जातो आणि व्हनेसाचं नाव काढून धमकावतो. मालिकेतली सर्वात महाग पडलेली चूक. त्यानंतर फिस्क मॅट मरडॉकची फाइल मागवतो ते दृश्य चुकवू नका, तिसरा सीझन खरा तिथून सुरू होतो.

---

दुसरा पडदा

रात्रपाळींशी सहमत, पण एक भाग राहिला: दुसऱ्या सीझनचा ५ वा. तुम्ही चौथ्याला थांबलात, म्हणजे एलेक्ट्रा जेमतेम दारात दिसली असेल. पाचव्यात तिचं आणि मॅटचं कॉलेजमधलं प्रकरण फ्लॅशबॅकमध्ये येतं. ते न बघता थेट तेराव्यात तिला मरताना बघितलंत तर कोण ही, आणि हा एवढा का रडतोय? डिफेंडर्समध्ये ती परत येते आणि इमारत कोसळते तेव्हा मॅट तिच्यासाठीच खाली थांबतो. तो का थांबला हे कळलं नाही तर तिसऱ्या सीझनच्या पहिल्या दोन भागांतला त्याचा कडवटपणा नाटकी वाटतो.

डिफेंडर्सबद्दल माझं मत वेगळं आहे. एकूण आठच भाग. शेवटचे दोनच बघितलेत तर गुहेत उभी असलेली चारपाच माणसं अनोळखी वाटतील. तिसऱ्यापासून बघा: त्या भागाच्या शेवटी चौघे नायक (मॅट, जेसिका, ल्यूक आणि आयर्न फिस्ट) पहिल्यांदा एकत्र येतात, चौथ्यात चिनी हॉटेलात बसून एकमेकांची ओळख करून घेतात, आणि तीच तुमचीही ओळख. पहिले दोन भाग चार मालिकांच्या प्रेक्षकांना गोळा करण्यात जातात.

---

रात्रपाळी

पाचवा भाग मान्य. डिफेंडर्स तिसऱ्यापासून म्हणजे चार भाग जास्त, तीन-सव्वातीन तास. धागाकर्त्याकडे ते नाहीत. हिशेब: पहिल्याचे ६, दुसऱ्याचे ४, डिफेंडर्सचे २ आणि तिसऱ्या सीझनचे १३, एकूण २५. भाग साधारण ५० मिनिटांचा धरला तर २० तास ५० मिनिटं. २१ तासांत बसतंय, पण जेमतेम.

त्या चौघांतल्या मॅट सोडून बाकी तिघांची ओळख दोन ओळीत: जेसिका जोन्स ही अफाट ताकदीची खासगी गुप्तहेर, ल्यूक केजच्या कातडीला गोळी भेदत नाही, डॅनी रँडची (हाच आयर्न फिस्ट) मूठ पेटते आणि तो ते सगळ्यांना सांगत सुटतो. झालं. मिडलँड सर्कल ही इमारत, तिच्याखाली खड्डा, वर स्फोटकं. बाकीचे निसटतात, मॅट राहतो, सगळे त्याला मेलेला समजतात. आठव्या भागाचं अगदी शेवटचं दृश्य अर्ध्या मिनिटाचं आहे, पण श्रेयनामावली आली समजून बंद करू नका. तिसरा सीझन त्या खोलीतूनच पुढे जातो.

---

कोपऱ्यातला प्रेक्षक

२५ वर शिक्कामोर्तब. प्रश्न २ आणि ३ राहिले.

---

चौथी भिंत

मारामारी: तिसऱ्या सीझनचा ४ था भाग. साधारण ११ मिनिटं, एकही कट नाही. छुपाही नाही. पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागातली बोळातली मारामारी साधारण तीन मिनिटांची. दुसऱ्याच्या तिसऱ्या भागातली जिन्यावरची सलग भासते, पण तिच्यात सांधे लपवलेले आहेत. तिसऱ्याच्या चौथ्या भागात मात्र खरोखर एका दमात शूट केलंय. चार्ली कॉक्स आणि त्याचा स्टंट डबल ख्रिस ब्रूस्टर कॅमेरा दुसरीकडे वळला की जागा बदलतात. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा ते शोधा, पहिल्यांदा नको.

आधी तेवढीच बघू नका. कारण रहस्यभेद नाही, कारण शरीर. तिथला मॅट तीन भाग आधीपासून मोडलेला आहे, ऐकू नीट येत नाही, तोल जातो, आणि त्या दृश्याच्या सुरुवातीला त्याला आणखी एक दणका बसतो. त्याचे ठोसे ढिले पडतात, मध्येच तो भिंतीला टेकतो. सुटं बघितलंत तर नायक जरा मंद वाटतो. क्रमाने बघितलंत तर प्रत्येक ठोसा त्याला किती महागात पडतोय ते दिसतं. आणि मारामारीच्या मधोमध एका माणसाशी बोलणं आहे, त्यात कथानकाचा मोठा दुवा आहे. पॉझ करून चहा आणायला उठायचं असेल तर तो भाग सुरू होण्याआधी उठा.

(सुरुवातीच्या भागांत मॅट चक्क जलनेती करतो. आमच्याकडे पितळेचं भांडं असतं तसंच, तोटीचं. ते दृश्य विनोदी नाही, पण आपल्याला हसू येणारच.)

---

ठळक काळा

अंधाराचं मी सांगतो. मालिका मुद्दाम अंधारी आहे, पण काळीकुट्ट दिसत असेल तर दोष सेटिंगचा. या क्रमाने करा:

१. टीव्हीचा वीजबचत मोड आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर, दोन्ही बंद. नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात. दिवा मालवला की टीव्ही स्वतःच अंधारतो आणि आपण दिग्दर्शकाला शिव्या घालतो.
२. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'. 'व्हिव्हिड' नको, त्यात काळ्यातले बारकावे गिळले जातात.
३. तरी गडद वाटलं तर ब्राइटनेस (काळ्याची पातळी) दोन-तीन घरं वर. काळा राखाडी दिसायला लागला की एक घर मागे. काँट्रास्टला हात लावू नका.
४. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो. चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेमचं असतं, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतो आणि मग ती अकरा मिनिटांची मारामारी दुपारच्या मालिकेसारखी दिसते.
५. ॲपमध्ये डेटा सेव्हर चालू असेल तर बंद. बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) कमी पडला की पहिला बळी अंधाराचा: काळ्या भागात चौकोन आणि पट्टे दिसतात. ते सेटिंगने जात नाहीत, वेग वाढवावा लागतो.

ट्यूबलाइट समोर नको, तिचं प्रतिबिंब पडतं. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा पुरतो.

आवाज: टीव्हीचेच स्पीकर असतील तर ऑडिओ ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. नाहीतर संवाद पुटपुटल्यासारखे आणि ठोसे शेजाऱ्यांना ऐकू जाणारे. तिसऱ्या सीझनचा पहिला भाग तरी हेडफोन लावून बघा. मॅटचे कान बिघडलेत हे आवाजातूनच दाखवलंय.

---

पायरीवरची

अवांतर, पण उपयोगी. तिसऱ्या सीझनमध्ये कायदा आणि यंत्रणा बऱ्याच येतात, आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाची तिथे गल्लत होते. रहस्यभेद न करता:

एफबीआय ही केंद्राची, डिस्ट्रिक्ट ॲटर्नी हा स्थानिक सरकारी वकील. दोघांचे मालक वेगळे, त्यामुळे एकाने दिलेला शब्द दुसऱ्यावर बंधनकारक नाही. तिथे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी निवडून येतो. आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं, म्हणून फॉगीचं (मॅटचा वकील मित्र) ते निवडणूक प्रकरण सुरुवातीला विचित्र वाटतं. तो नुसता हट्ट नाही, त्या पदाला खरोखर ताकद आहे.

शेवटाकडे ग्रँड ज्युरी येते. ज्युरी म्हटलं की आपल्याला नानावटी खटला आठवतो, पण ही ती ज्युरी नव्हे. ग्रँड ज्युरी दोषी-निर्दोष ठरवत नाही, खटला भरण्याइतका पुरावा आहे का एवढंच बघते. १६ ते २३ माणसं, त्यातल्या किमान १२ जणांचा होकार लागतो. कामकाज गुप्त, खोलीत न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकील उलटतपासणी घेत नाही. हे माहीत असलं तर त्या भागातला ताण नेमका कुठे आहे ते कळतं.

आणि एफबीआय एजंट नदीमचे घरगुती प्रसंग पळवू नका. भारतीय वंशाचं कुटुंब आहे, पहिल्याच भागात नातेवाइकाच्या आजारपणाचं कर्ज आणि अडलेली बढती. अनेकांना हे पाणी वाटतं. पण कर्जबाजारी एजंटला कोणीही विकत घेऊ शकतं, म्हणून तिथे क्रेडिट स्कोअर बघून बढती अडते. ज्याने बढती अडवली तो मूर्ख नव्हता, एवढंच सांगते.

---

दुसरा पडदा

एक धोका: बघत असताना कुठल्याही नव्या पात्राचं नाव सर्चमध्ये टाकू नका. विशेषतः मॅगी आणि डेक्स. पहिल्याच ओळीत सीझनचा निम्मा जीव जातो. 'हा नट कुठे बघितलाय' ही खाज शेवटपर्यंत दाबा.

---

कोपऱ्यातला प्रेक्षक

बापरे, बरं झालं सांगितलंत, डेक्स टाकणारच होतो. दोन शेवटचे: 'बॉर्न अगेन' नावाची आहे तो चौथा सीझन का? आणि आमच्या काकांना दिसत नाही, त्यांना मालिकेची कल्पना फार आवडली. त्यांच्यासाठी काही सोय?

---

चौथी भिंत

बॉर्न अगेन ही २०२५ ची वेगळी मालिका, पहिल्या सीझनचे नऊ भाग. ॲपमध्ये वेगळ्या नावाखाली असते, डेअरडेव्हिलच्या यादीत 'सीझन ४' शोधून सापडणार नाही. ती तिसऱ्यानंतरच.

नावाचा घोळ असा की फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांच्या १९८६ च्या 'बॉर्न अगेन' कॉमिकचा अंश त्या नव्या मालिकेपेक्षा तुमच्या तिसऱ्या सीझनमध्ये जास्त आहे: सर्वस्व गेलेला मॅट, चर्चचा आसरा, पाताळयंत्री फिस्क. पण कॅरनची कथा कॉमिकमध्ये पूर्ण वेगळी आहे, त्यामुळे कॉमिक वाचलेला मित्र 'पुढे काय होतं सांगू का' म्हणाला तर त्याचं निम्मं चुकणार आहे. तरी सांगू देऊ नका.

---

ठळक काळा

काकांसाठी: नेटफ्लिक्सने एप्रिल २०१५ मध्ये ध्वनिवर्णनाची सोय सुरू केली ती याच मालिकेपासून, कारण अंध नायकाची मालिका अंध प्रेक्षकाला कळत नाही अशी टीका झाली होती. संवादांच्या मधल्या जागेत निवेदक काय घडतंय ते सांगतो. भाग सुरू करून ऑडिओ आणि सबटायटल्सचा मेनू उघडा, भाषांच्या यादीत इंग्रजीपुढे 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' दिसलं तर ते निवडा. सबटायटल्सचा त्याच्याशी संबंध नाही, ती चालू ठेवलीत तरी चालतात.

तुमच्यासाठी मात्र सबटायटल्स चालूच ठेवा. पहिल्या सीझनमध्ये रशियन आणि चिनी संवाद बरेच आहेत, आणि सबटायटल्स बंद असली की काही ॲप परक्या भाषेच्या ओळीही गाळतात.