चौथी गोळी आधी की झोपेची तपासणी आधी?

रातकिडा:
तीन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवीची, तरी बीपी १५० च्या खाली यायला तयार नाही. अशा माणसाला चौथी लिहून देण्याआधी "रात्री घोरता का?" एवढं विचारायला काय जातं? मला दोन वर्षांत कोणी विचारलं नाही. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कप्प्याची भिंत जाड, १३ मिलिमीटर निघाली, हृदय नीट सैल होत नाही असंही आलं. त्यावर उपाय काय, तर आणखी एक गोळी. ती मी सुरूच केली नाही, पाकीट ड्रॉवरमध्ये पडून आहे.

छडा लावला तो बायकोने. तिने माझं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. घोरणं ऐकून हसलो, पण मधली शांतता ऐकून पोटात गोळा आला. घर्र घर्र, मग काहीच नाही. ती हळू आवाजात मोजतेय, तेवीस, चोवीस, पंचवीस... आणि बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा माझा हिसका. तपासणीत तासाला ४१ वेळा श्वास अडकतो असं निघालं. ३० च्या वर म्हणजे तीव्र.

त्या पंचवीस सेकंदांत गळा बंद असतो, पण छाती हवा ओढायचं थांबत नाही. आतला दाब उणे होतो आणि त्या ओढीविरुद्ध हृदयाला रक्त बाहेर फेकावं लागतं. ऑक्सिजन घसरतो, अॅड्रिनलिन उसळतं आणि श्वास सुटताक्षणी बीपी टिपेला जातं. चांगल्या झोपेत बीपी १० ते २० टक्के उतरायला हवं, आमचं तेव्हाच चढतं. सकाळी अकराला दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून यातलं काय दिसणार?

म्हणून माझं म्हणणं, आधी सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेच्या दाबाने गळा उघडा ठेवणारं मशीन), गोळ्यांचं नंतर बघू.

गोळीबंद:
झोप तपासायला हवी होती, हे शंभर टक्के मान्य. "गोळ्यांचं नंतर बघू" हे मात्र साफ अमान्य.

सीपॅपने बीपी उतरतं किती? सरासरी दोन-तीन अंक. २०१३ मध्ये स्पेनमधल्या १९४ रुग्णांचा अभ्यास आला. सगळे तुमच्यासारखेच, तीन किंवा जास्त गोळ्यांना दाद न देणारे. बारा आठवडे मशीन लावणाऱ्यांची २४ तासांची सरासरी न लावणाऱ्यांपेक्षा ३.१ ने जास्त उतरली. बस. त्याआधी २०१० मध्ये फ्रान्समध्ये एका वेगळ्या गटातल्या प्रत्येक रुग्णाला आळीपाळीने व्हलसार्टन ही बीपीची गोळी आणि सीपॅप देऊन पाहिलं होतं. गोळीने सुमारे ९ अंक, मशीनने २. रुग्ण फार थोडे होते, कबूल, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. १५० वरून ३ वजा करा आणि सांगा, त्या जाड भिंतीवरचा भार कितीसा हलका झाला?

रातकिडा:
सरासरीच्या आड लपू नका हो. त्यात मशीन कपाटावर ठेवणारेही धरलेले असतात.

गोळीबंद:
धरायलाच हवेत, तेही रुग्णच आहेत! २०१६ चा सेव्ह अभ्यास घ्या. २,७१७ माणसं, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार. सीपॅपने हार्ट अटॅक, पक्षाघात कमी झाले नाहीत. वापर किती, तर रात्रीला सरासरी ३.३ तास. तुम्ही म्हणाल, वापरलंच नाही तर गुण कुठून येणार? बरोबर. पण नाकावर मास्क चढवून रोज सहा-सात तास झोपणं बहुतेकांना जमत नाही आणि गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर जाते.

रातकिडा:
३.३ तास म्हणजे मध्यरात्रीच मास्क काढला. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, श्वास सर्वांत वाईट तेव्हाच अडकतो. अर्धी रात्र छत्री धरून "भिजलोच की" म्हणण्यातला प्रकार आहे हा.

साखरझोप:
मधेच विचारते. रात्रीच बीपी चढतं ना, मग गोळ्या रात्री घेतल्या तर?

गोळीबंद:
२०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१ हजारांवर लोकांचा अभ्यास आला. सकाळी घ्या नाहीतर रात्री, हार्ट अटॅक-पक्षाघातात फरक नाही. चुकणार नाही ती वेळ धरा. लघवीची गोळी रात्री घेतलीत तर उठबस होईल ती वेगळीच.

इकोवाली:
मी रोज इको करते, म्हणून थोडं. "ईएफ ६० टक्के, म्हणजे हृदय ठणठणीत" असं म्हणणारे रोज भेटतात. ईएफ, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते, हे फक्त पिळण्याचं माप झालं. अॅपनियाच्या, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या रुग्णांत बहुतेकदा आधी बिघडतं ते सैल होणं, डावा वरचा कप्पा फुगतो आणि मग ठोक्यांची लय बिघडायची भीती. भिंतीला बीपी दिवसाचं की रात्रीचं हे कळत नाही, तिला एकूण ओझं कळतं. त्यामुळे दोघंही अर्धे बरोबर आहात, आणि भांडण उगाच "आधी-नंतर"वर चाललंय.

आता गंमत ऐका. बीपी दाद देत नाही अशा बऱ्याच लोकांत अल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारं हार्मोन जास्त असतं. अंगात मीठ-पाणी साठतं, दिवसा पायांत उतरतं. आडवं झालं की तेच मानेकडे सरकतं आणि गळ्याची वाट अरुंद करतं. अल्डोस्टेरॉन अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन दिली, तर छोट्या अभ्यासांत बीपीबरोबर श्वास अडकण्याचा आकडाही उतरलेला दिसलाय. मशीनला पर्याय नव्हे, पण ही गोळी रात्रीही कामाला येते.

आणि कृपा करून चालू गोळ्या मनाने थांबवू नका. बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी बीपीची गोळी) एकदम सोडला तर हृदय उसळून उठतं.

रातकिडा:
थांबवलेल्या नाहीत, तिन्ही चालू आहेत. ताई, तुमचं वाचून ड्रॉवर उघडला. पाकिटावर नाव आहे स्पायरोनोलॅक्टोन, २५ मिलिग्रॅम. डॉक्टरांना न विचारता शिव्या घातल्या, एवढं कबूल. पण त्यांनी घोरण्याचं विचारलं नाही, हे अजूनही म्हणणार. आज रात्री मास्क, उद्या त्यांना फोन.

गोळीबंद:
फोनवर रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) कधी तपासायचं तेही विचारा. ही गोळी पोटॅशियम वाढवते.