मदत हवी आहे: किलोमीटर मोजून रोड टॅक्स, कोणाले माहीत आहे का?

नमस्कार मंडळी, मी आर्वीकडचा, डिझेल पिकअप आहे, हंगामात कापूस अन् संत्रा वाहतो. पोरीले कॉलेजच्या वादविवादात विषय आला, गाडी जितकी चालली तितके पैसे रस्त्याच्या दुरुस्तीसाठी घ्यावे का. मले फक्त समृद्धीचं माहीत, चढल्यापासून उतरेपर्यंत किलोमीटर मोजून टोल. पण न्यूझीलंडात पेट्रोलच्या भावातच टॅक्स असते, डिझेलच्या नाही, म्हणून डिझेलवाल्याले १००० किलोमीटरच्या हिशोबानं आधीच पैसे भरा लागते, अन् एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या, त्या तर पंपावर जातच नाहीत ना. हे पटते बाप्पा. पण आपल्याकडं डिझेलवर सेस आधीच लागते, मग दोनदा द्यायचे का? अन् माझी गाडी अर्धी पांदण रस्त्यानं चालते, पावसाळ्यात चिखलात फसते, तिथं कोणता रस्ता अन् कोणती दुरुस्ती! तिकडं शेतातले किलोमीटर वजा होतात का, वजनानुसार रेट बदलते का? कोणाचं कोणी तिकडं असेल तर विचारून सांगा ना, स्पर्धा शनिवारी आहे.