उभ्या गाडीला टेम्पोने मागून ठोकलंय, बाहेरून फक्त ओरखडा दिसतोय, आतलं काय काय तपासून घेऊ?

चहा_बिनसाखर

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर, २०२१ ची, कंपनी फिटेड सीएनजी. परवा रात्री सोसायटीच्या गेटबाहेर रस्त्याच्या कडेला लावलेली होती (आत जागा का नाही हा वेगळाच विषय आहे, त्यावर बोलायला लागले तर सकाळ होईल). फर्स्ट गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला. एक टेम्पोवाला रिव्हर्स घेताना मागे येऊन धडकला. वॉचमनकाका म्हणाले आवाज चांगलाच मोठा आला, गाडी हातभर पुढे सरकली आणि पुढचं डावं चाक फुटपाथच्या दगडाला जाऊन भिडलं. ड्रायव्हर पळाला नाही हे खरं, नंबर देऊन गेला, आणि आज फोन करून म्हणतोय ताई दोन हजार घ्या आणि मिटवून टाका.

बघायला गेलं तर बंपरवर डावीकडे एक लांब ओरखडा आणि थोडा रंग उडालाय, नंबरप्लेट किंचित वाकलीय, बस. आमचे अहो म्हणतात घेऊन टाक दोन हजार, पॉलिश करून येईल. पण मला राहून राहून वाटतंय की दणका एवढा बसला तर तो गेला कुठे? गाडी अजून जागची हलवलेली नाही. घरच्या घरी काय बघता येईल आणि गॅरेजवाल्याला नेमकं काय उघडायला सांगायचं, ते जाणकारांनी सांगा प्लीज.

पत्रेवाला

ताई हलवली नाहीत ते उत्तम केलंत. माझं डेंटिंग पेंटिंगचंच काम आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी सीएनजी, बंपर नंतर. मागून मार बसलाय आणि सिलिंडर मागेच आहे. डिकी आणि चारही दारं उघडून ठेवा, मग वास घ्या, गॅसमध्ये वासाचं केमिकल मुद्दाम घातलेलं असतं त्यामुळे लीक असेल तर बहुतेक कळतंच. वास आला तर चावी फिरवायची नाही, आतला लाइट लावायचा नाही, सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि सीएनजीच्या माणसाला जागेवर बोलवायचं. वास नसला तरी तो व्हॉल्व्ह बंदच ठेवा आणि गॅरेजपर्यंत पेट्रोलवर न्या. सिलिंडर ज्या पट्ट्यांनी आवळलेला असतो त्या पट्ट्यांच्या कडेला टॉर्च मारून बघा, सिलिंडरच्या रंगावर नवीन चकचकीत घासल्याची खूण दिसली म्हणजे तो जागचा सरकलाय. जॉइंटला साबणाचा फेस लावून चेक करतात ते काम त्यांच्याकडूनच करून घ्या, काडी ओढून बघणारे महाभाग मी बघितलेत म्हणून सांगतो. आणि सिलिंडरची दर ३ वर्षांची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाखाली घेतलेली चाचणी) झालीय का तेही या निमित्ताने प्लेटवर बघून घ्या, तुमच्या गाडीची एकदा तरी व्हायला हवी होती.

आता बंपर. आपल्याला जो दिसतो तो नुसता प्लास्टिकचा मुखवटा, दाबला की आत जातो आणि परत बाहेर येतो. खरा मार त्याच्या मागच्या लोखंडी बीमला बसतो, काही मॉडेलना मागे तो बीमही नसतो, मग मार थेट बॅक पॅनलला, म्हणजे बंपरमागच्या, डिकीखालच्या पत्र्याला. म्हणून बंपरवरचा ओरखडा बघून कोणी काही सांगत असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका, बंपर उतरवायलाच लावा. क्लिपा आणि स्क्रूचं काम आहे, फार वेळ लागत नाही.

तोवर घरी एवढं करा. डिकी उघडून झटका न देता सोडा, नेहमीसारखी एका दमात लागते का बघा. लावल्यावर डाव्या आणि उजव्या बाजूच्या फटीत बोट फिरवा, दोन्हीकडे सारखं लागलं पाहिजे, डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. मग टेप घ्या, डिकीच्या तोंडाची दोन्ही तिरकी मापं काढा, वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा आणि त्याच्या उलट. ही दोन्ही जवळजवळ सारखी यायला पाहिजेत. मॅट उचला, खालच्या पत्र्याला सुरकुती पडलीय का, आणि जोडावर जो रबरासारखा सीलंट भरलेला असतो त्याला केसासारखी चीर आहे का बघा. ती चीर दिसली की समजायचं पत्रा हलला. शेवटी टेललाइट, आत वाफ धरलेली दिसली तर सील गेलंय.

घाटरस्ता

मागचं वरती आलंच आहे, पुढच्या चाकाकडे कोणी बघत नाही म्हणून लिहितोय. उभी गाडी ढकलली जाऊन दगडाला भिडली की मार चाकातून लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) आणि टाय रॉडला (स्टेअरिंगने चाक वळवणारा दांडा) जातो. टायरच्या आतल्या बाजूला, म्हणजे जी आपल्याला दिसत नाही तिकडे, हात घालून फुगा आलाय का चाचपा. फुगा असेल तर टायर बदलायचाच, पंक्चरवाला काहीही म्हणो. नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर हळू चालवून बघा, गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग वाकडं राहत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन खालचे पार्ट बघायला लावा. वाकलेल्या आर्मवर अलाइनमेंट मारून देणारे खूप आहेत, चार दिवस गाडी सरळ चालते आणि मग टायर एका कडेने खाते.

अजून एक, गाडी गिअरमध्ये होती त्यामुळे धक्का थोडाफार इंजिन गिअरबॉक्सकडेपण गेला असणार. चालू करताना आणि क्लच सोडताना धडधड जास्त वाटली तर माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबराचे आधार बघा. सायलेन्सर मागून पुढे ढकलला गेला तर मागचे रबराचे हँगर निघतात आणि कधी पुढचा जोड लीक होतो, म्हणून आत धुराचा वास येतोय का तेही लक्षात ठेवा.

सरळमार्गी

एवढं काही नसतं हो, उगाच घाबरवू नका लोकांना. टेम्पो रिव्हर्समध्ये होता म्हणजे स्पीड किती असणार? माझ्या गाडीला असे किती ठोसे बसलेत, बफिंग केलं आणि विसरून गेलो. दोन हजार देतोय ते घ्या, आजकाल तेवढंही कोणी देत नाही.

पत्रेवाला

सरळमार्गी साहेब, स्पीड कमी असला तरी भरलेल्या टेम्पोचं वजन किती धराल? हँडब्रेक ओढलेली, गिअरमधली गाडी हातभर सरकलीय, आणि टेम्पोचा मागचा भाग आपल्या बंपरपेक्षा उंच, त्यामुळे पुष्कळदा मार बंपरच्या वर डिकीच्या पत्र्यालाच बसतो. बाकी तुमची मर्जी.

कागदी_घोडा

पैशाचं मी सांगते, इन्शुरन्सच्या कामात आहे. आज कुठेही सही करू नका आणि "पूर्ण भरपाई मिळाली" असं व्हॉट्सॲपवरसुद्धा लिहून देऊ नका. पहिलं काम म्हणजे सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज मोबाइलवर उतरवून घ्या, डीव्हीआर जुनं पुसून नवीन भरत राहतो, नंतर सेक्रेटरी नुसते हात वर करतात. टेम्पोचा नंबर, ड्रायव्हरचं लायसन्स आणि टेम्पोच्या पॉलिसीचा फोटो मागून घ्या. द्यायला कुरकुर केली तर चौकीत जाऊन नोंद करा.

क्लेम तुमच्याच पॉलिसीवर टाकायचा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हे, म्हणजे कंपनीच्या माणसाची नुकसानीची पाहणी, व्हायच्या आधी काहीही दुरुस्त करायचं नाही. आधी बाहेरून दिसतंय तेवढ्याचं एस्टिमेट जातं, बंपर उघडल्यावर आत जास्त निघालं तर सप्लिमेंटरी एस्टिमेट टाकता येतं, फक्त उघडल्यावर सर्व्हेअरला परत दाखवायचं आणि मगच पुढे काम करायचं. गॅरेजवाल्यांना ही घाई फार असते.

आता हिशोब. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर ५०% घसारा कापतात, आणि गाडी ४ वर्षांच्या वर ५ च्या आत असेल तर पत्र्यावर ३५%, ५ वर्षं उलटली की ४०%. वर तुमच्या इंजिनाच्या साइजला १,००० रुपये कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला तेवढे आपल्या खिशातून. आणि एक क्लेम घेतला की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस शून्य, ही सूट ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागाच्या प्रीमियमवरच असते म्हणून गेल्या वर्षीच्या पावतीत बघा नेमके किती रुपये जातात. नुसता बंपर रंगवायचा असेल तर क्लेम परवडतच नाही. बॅक पॅनल निघालं तर मात्र परवडतो. टेम्पोच्या थर्ड पार्टीत मालमत्तेचं नुकसान ७.५ लाखांपर्यंत कव्हर असतं हे खरं, पण त्यासाठी ट्रायब्युनलला (मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण) जावं लागतं, म्हणून लोक छोट्या कामाला त्या वाटेला जात नाहीत. टेम्पोमालकाशी बोलताना हे माहीत असलेलं बरं, त्यालाही माहीत असतं.

चहा_बिनसाखर

सगळ्यांचे खूप आभार. गॅसचा वास नाही, व्हॉल्व्ह बंद केलाय. टेप घेऊन मापं काढली, तिरक्या मापात एक सेंटीमीटरच्या आसपास फरक येतोय, अहोंनी परत मोजलं तरी तेवढाच. डाव्या फटीत बोट जातं आणि उजवीकडे नखसुद्धा जात नाही. मॅटखाली डाव्या कोपऱ्यात सीलंटला चीर आहे, आधीची की आत्ताची कळत नाही. ती कशी ओळखायची? आणि रिव्हर्स सेन्सर आता सतत वाजतोय, मागे काही नसतानाही.

पत्रेवाला

चिरेच्या आत धूळ आणि काळपट मळ भरलेला असेल तर जुनी, आतून स्वच्छ पांढरी किंवा कोरा पत्रा दिसत असेल तर ताजी. आत्ताच क्लोजअप फोटो काढून ठेवा, पावसाळ्यात तिथूनच डिकीत पाणी येणार आहे. सेन्सर वाजतोय म्हणजे एकतर तो आत ढकलला गेलाय नाहीतर त्याचा होल्डर तुटलाय, बंपर उतरवल्यावर दिसेलच. एक सेंटीमीटर थोडंथोडकं नाही, गाडी खेचायला पुलिंगच्या बेंचवर घ्यावी लागेल, नुसत्या हातोडीने ठोकून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

घाटरस्ता

नंबरप्लेट एचएसआरपी (लॉकवाली हाय सिक्युरिटी प्लेट) असणार, ती घरी ठोकून सरळ करू नका आणि लॉक तुटलं असेल तर तारेने बांधून फिरू नका, डीलरकडून नवीन मागवावी लागते.

चहा_बिनसाखर

अपडेट देतेय. सीएनजी सेंटरला नेली, सिलिंडर आणि पाइप ठीक आहेत, एका पट्टीचा बोल्ट ढिला होता तो आवळून दिला. मग बंपर उतरवला. बॅक पॅनल डावीकडे आत गेलंय, दोन क्लिपा आणि सेन्सरचा होल्डर तुटलाय. चीर आतून पांढरी होती. पुढे टायर ठीक, टाय रॉड किंचित वाकलाय. एस्टिमेट बत्तीस हजारांचं आलंय, सर्व्हेअर उद्या येणार. टेम्पोच्या मालकाला (ड्रायव्हर नोकर आहे हे नंतर कळलं) उघडलेल्या गाडीचे फोटो आणि फुटेज पाठवलं, आता तो दोन हजारांवरून आठवर आलाय आणि म्हणतोय बाकीचं इन्शुरन्समधून घ्या. घ्यावे का आठ? क्लेमला अडचण नको यायला.

कागदी_घोडा

घेतलेत तर सर्व्हेअरला तसं सांगा, लपवू नका, एकाच नुकसानीचे दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. घसारा, कंपल्सरीचे हजार आणि बुडणारा बोनस मिळून तुमच्या खिशातून जातील ते आठच्या पुढेच जातायत असं दिसतंय, तेव्हा त्याच्याकडून तेवढी रक्कम "पॉलिसीत न बसणारा खर्च" असं लिहून घ्या, पूर्ण भरपाई असं नाही. सर्व्हेअर येईल तेव्हा बंपर उतरवलेलाच ठेवायला गॅरेजला आज रात्रीच फोन करून सांगा, आणि टाय रॉड एस्टिमेटमध्ये आहे का तेवढं बघा, पुढचा पार्ट असला की मागच्या धडकेत कसा काय वाकला असं विचारतात. तिथे सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज दाखवायचं.